कुपीतला पाहुणा : नागपुरातले सहा दिवस

शनिवार

विदर्भ एक्सप्रेसमधून उतरले तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. आर्द्रा लागून चार दिवस झाले होते. कोकणातला पाऊस अंग गार करतो, इथला मात्र उघडला की उकडून काढतो. दादा घ्यायला आला होता. बॅग त्याच्या हातात दिली, पर्स नाही दिली. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली बोटभर काचेची कुपी होती. कुपीत ७० टक्के अल्कोहोल, आणि त्यात आंबोलीचा एक रहिवासी, लांब पायांचा एक जीव.

हा प्रवास खरं तर त्याच्यामुळेच घडला. मे महिन्यात भाच्याने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन थेट बाथरूमच्या कोपऱ्यात नेला. गिझरच्या मागे लांब पायांचा एक कोळी उलटा लटकला होता. "आत्या, हा तुझा आंबोलीवाला आहे ना?" मी त्याला आंबोलीचे फोटो पाठवले होते, लांब पायांचे ते जीव भिंतीवर गर्दी करून बसलेले. मी म्हटलं, नाही रे, हा वेगळा. "वेगळा कसा? दोघांचे पाय तर सारखेच आहेत."

हाच प्रश्न वीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारला होता. नोकरीचं दुसरं वर्ष, आंबोलीची सहल. देवळाच्या मागच्या ओल्या भिंतीवर शेदीडशे जीव पायात पाय अडकवून बसले होते. कुणीतरी फुंकर मारली आणि सगळा घोळका एकदम वरखाली डोलायला लागला. मुली किंचाळल्या. त्या मुलीने विचारलं, "मॅडम, हे कोळी आहेत का?" मी "हो, कोळ्याचाच एक प्रकार" म्हणून पुढे गेले. संध्याकाळी खोलीवर पुस्तक उघडलं तेव्हा चूक कळली. दुसऱ्या दिवशी सांगायचं राहिलं, मग परीक्षा आल्या, मग ती बॅच बाहेर पडली. ती मुलगी आज कुठेतरी आपल्या मुलांना तेच सांगत असेल, हे मला अजून टोचतं. म्हणून भाच्याला फोनवर उत्तर दिलं नाही. म्हटलं, येते, समोर ठेवून दाखवते. अकरावीचे प्रवेश चालू होते, वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे तोही मोकळा होता.

दादाचं घर सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी. दारातच भाच्याने विचारलं, "आणलंस?" वहिनींनी आधी तर्री-पोहे खायला लावले. मग म्हणाल्या, "ताई, त्या मकडीसाठी महिनाभर तिथे झाडू नाही लावू दिला याने. आता एकदाचं पाहून घ्या."

बाथरूमची ती मकडी मादी होती, आणि तिने जबड्यात खसखशीच्या इवल्याशा लाडवासारखा अंड्यांचा घोस धरला होता. रेशमाच्या चार धाग्यांत बांधलेला, इतका विरळ की आतलं एकेक अंडं मोजता यावं. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती तो खाली ठेवत नाही. भाच्याने जाळ्याला बोट लावलं तशी ती इतक्या जोरात गरगरली की नुसतं धुरकट वर्तुळ दिसायला लागलं. क्रॉसोप्रायझा लायोनी हे तिचं शास्त्रीय नाव. पोट कोनाकोनाचं, मागच्या टोकाला एक बोथट उंचवटा. आपल्याकडे घरोघरी असते, डासही पकडते. वहिनींना हे सांगितल्यावर झाडूचा विषय मागे पडला.

मग जेवणाच्या टेबलावर पांढरी बशी, कुपी आणि माझं दहापट मोठं दाखवणारं भिंग, असा पसारा मांडला.

"पाय बघू नकोस," मी म्हटलं. "पायांनीच फसगत होते. कंबर बघ."

कोळ्याचं शरीर दोन तुकड्यांचं असतं, मध्ये सुतासारखी बारीक कंबर. कुपीतल्या प्राण्याला कंबरच नाही. पुढचा आणि मागचा भाग सलग जोडलेला, जणू तुरीचा एक दाणा आठ केसांवर टांगला आहे. भाच्याने भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "याच्या पाठीवर काहीतरी उभं आहे."

ते त्याचे डोळे. पाठीच्या पुढच्या बाजूला एक छोटी उंचवटी, आणि तिच्या दोन अंगांना एकेक काळा चकचकीत मणी. देवळापुढच्या दीपमाळेवर दोनच पणत्या ठेवाव्यात तसं ते दिसतं. बाथरूमच्या मकडीला आठ डोळे, याला दोन. मात्र पूर्वी याच्या कुळाला जास्त होते. फ्रान्समध्ये ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात चार डोळ्यांचा एक सापडला, २०१४ साली त्याचं वर्णन झालं. आणि २०२४ मध्ये आजच्या एका जातीच्या गर्भावस्थेत जुन्या डोळ्यांच्या खुणा दिसल्या, वाढायला सुरुवात होऊन मधेच थांबलेल्या. भाच्याला ही गोष्ट इतकी आवडली की रात्री जेवताना त्याने ती दादाला, वहिनींना आणि वरच्या मजल्यावरच्या आजींना स्वतंत्रपणे सांगितली.

रेशीम काढणारी ग्रंथी याच्याकडे नाही, म्हणून जाळं नाही. विषाची ग्रंथीही नाही. "जगातला सगळ्यात विषारी कोळी हाच, पण दात लहान म्हणून चावत नाही" असा निरोप मोबाइलवर फिरत असतो. दादाने तो वाचूनही दाखवला. लांब पायांच्या कोळ्याबाबतही ते खोटं आहे, आणि हा तर बिनविषाचा. त्रास दिला तर अंगाच्या कडेच्या दोन छिद्रांतून उग्र वासाचा द्रव सोडतो. एवढंच त्याचं शस्त्र. आणि अगदीच गळ्याशी आलं तर पाय सोडून पळतो. तुटलेला पाय बराच वेळ आपोआप उडत राहतो, शत्रू त्याच्याकडे बघत बसतो. आंबोलीला एका मुलाच्या चिमटीत असा पाय राहिला होता. केसाएवढा तो पाय हातात टकटक करत होता आणि मुलगा पांढरा पडला होता. सोडलेला पाय याला पुन्हा फुटत नाही. आमच्या कुपीतल्यालाही सातच पाय, आठवा तळाशी सुटा पडलेला.

"मग हा कोळी नाही, तर कोण?" भाच्याने विचारलं.

त्याचं उत्तर एका दिवसात संपणारं नव्हतं. अष्टपाद हे मोठं कूळ. कोळी त्यातलं एक घर, विंचू एक घर, गोचीड आणि तिच्यासारखे बारीक माइट एक घर. कुपीतला पाहुणा आपल्या स्वतंत्र घरचा आहे, त्या घराचं नाव ऑपिलिओनीज. स्वीडनच्या सुंडेव्हाल यांनी १८३३ साली ते ठेवलं. लॅटिनमध्ये ओपिलिओ म्हणजे मेंढपाळ. इंग्रज याला हार्वेस्टमन म्हणतात, सुगीच्या दिवसांत दिसतो म्हणून. साडेसहा हजारांहून जास्त जाती माहीत आहेत, म्हणजे अष्टपादांत माइट आणि कोळी यांच्याखालोखाल यांचाच नंबर. इतकं मोठं घराणं, आणि माझ्या कानावर याचं मराठी नाव कधी पडलेलं नाही. आंबोलीच्या लोकांनाही विचारलं. "कोळीच तो," म्हणाले.

रविवार

सकाळी अजब बंगला. १८६३ साली सुरू झालेलं हे संग्रहालय नागपूरकरांना या नावानेच माहीत आहे. पेंढा भरलेले प्राणी, शिलालेख, गोंडांची हत्यारं, सगळं एका छपराखाली. भाचा चार वेळा येऊन गेलेला, त्यामुळे तोच वाटाड्या झाला. मला मात्र इथे आल्यावर दर वेळी स्टीफन हिस्लॉप आठवतो. हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात शाळा चालवायचा आणि उरलेल्या वेळात दगड फोडायचा. आज शहरात मिसळून गेलेल्या टाकळीत लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात त्याला शिंपले, फळं, बिया आणि किड्यांचे अवशेष मिळाले. सहकारी हंटर यांच्याबरोबर त्याने नागपूर परिसराच्या भूगर्भावर १८५५ साली लेख लिहिला. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात तो गेला.

टाकळीचे ते थर साधारण साडेसहा कोटी वर्षांचे. कुपीतल्या पाहुण्याच्या हिशेबात हे काल-परवाचं. स्कॉटलंडमध्येच राइनी नावाच्या गावाजवळ गरम झऱ्यांच्या सिलिकात गोठलेला एक हार्वेस्टमन सापडला आहे, ४१ कोटी वर्षांपूर्वीचा. लांब पाय तेव्हाही होते. श्वासनलिका दिसतात, म्हणजे तो जमिनीवर हवा घेत होता. नराचा लिंगावयव आणि मादीची अंडी घालण्याची नळीसुद्धा टिकून राहिली आहे, आजच्या जातींशी जुळणारी. अष्टपादांत ही गोष्ट मोलाची आहे. विंचू जमिनीवर बीजाची पुडी ठेवतो आणि मादीला तिच्यावर ओढतो, कोळी तोंडाजवळच्या आखूड पायांनी बीज पोचवतो. हार्वेस्टमन मात्र थेट समागम करतो, आणि ही रीत त्याने ४१ कोटी वर्षं सांभाळली आहे. तेव्हा डायनासोर नव्हते, फुलं नव्हती, पक्षी नव्हते.

संग्रहालयाच्या पायऱ्यांवर बसून भाच्याला गोंडवनाची गोष्ट सांगितली. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. त्या गोंडांच्या मुलखावरून भूशास्त्रज्ञांनी इथल्या जुन्या कोळशाच्या खडकांना गोंडवन म्हटलं, आणि पुढे तेच नाव एका अख्ख्या महाखंडाला गेलं. भारत, आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, सगळे तेव्हा एकाला एक चिकटलेले. हार्वेस्टमनच्या एका शाखेत, पेटॅलिडी नावाच्या, बाजरीच्या दाण्याएवढे आखूड पायांचे जीव आहेत. पालापाचोळ्यात राहतात, समुद्र ओलांडणं त्यांना शक्य नाही. तरी ते चिलीत आहेत, दक्षिण आफ्रिकेत आहेत, मादागास्करमध्ये, श्रीलंकेत, ऑस्ट्रेलियात, न्यूझीलंडमध्ये आहेत. ते कुठे गेले नाहीत. पायाखालची जमीन फाटत गेली आणि ते आपापल्या तुकड्यावर बसून राहिले. शाळेत नकाशावर खंडं सरकवून दाखवतो त्यापेक्षा हा पुरावा मला जास्त पटतो. जिवंत आहे, आणि पाचोळा चाळला तर हाताला लागतो.

संध्याकाळी दादाने माळ्यावरची जुनी पुस्तकं काढली, रद्दीत द्यायची म्हणून. एक वही उघडली तर पानावर तिळाएवढं काहीतरी चाललं. पुढे दोन नांग्या पसरलेल्या, विंचवासारख्या, पण शेपूट नाही. भाचा ओरडला, "आत्या, बाळविंचू!" बाळविंचू नव्हे. हा खोटा विंचू, पुस्तकविंचूही म्हणतात याला. जुन्या कागदातल्या पुस्तक-उवा खातो. याचं विष नांग्यांत असतं, पण आपल्या कातडीला ते काही करू शकत नाही. भिंग जवळ नेलं तसा तो उलट्या पावली मागे सरकला, तेवढ्याच वेगाने. एकाच घरात, दोन दिवसांत, कुपीतल्या पाहुण्याचा दुसरा नातेवाईक. दादाने ती वही रद्दीत दिली नाही.

सोमवार

दिवसभर पाऊस. कुठे जाणं झालं नाही. वहिनींनी गोळाभात केला, वरून लसणाचं गरम तेल. भाच्याने वहीत रकाने आखले, कंबर, डोळे, विष, रेशीम, खाणं, आणि एकेक नातेवाईक भरत गेला. खाण्याच्या रकान्यात अडला. कोळी भक्ष्य पातळ करून शोषतो हे त्याला माहीत होतं. हार्वेस्टमन घट्ट तुकडे चावून गिळतो. मेलेले किडे, बुरशी, पडलेलं फळ, पाखरांची शीट, काहीही चालतं. "म्हणजे आपल्यासारखा," त्याने लिहिलं. मी खोडलं नाही.

मंगळवार

रामटेक. सकाळी सहाला निघालो. नागपूरपासून ५० किलोमीटरच्या आत आहे, पण पावसात मनसरपुढचा रस्ता सावकाशच घ्यावा लागतो. आंबाळा तलावाच्या काठाने वर गेलो. गडावरचं राममंदिर, वाटेत वाकाटकांच्या काळातलं केवल नरसिंहाचं देऊळ, लाल दगडाचं, ठेंगणं, आत नरसिंह असा ऐसपैस बसलेला की गाभारा त्याला पुरत नाही. कालिदास स्मारकापाशी ढग खरोखरच हाताशी आले होते. माझं मन मात्र झाडांच्या बुंध्यांवर होतं.

मला इथे हार्वेस्टमन हवा होता. जिवंत, चालता. त्याची चाल भाच्याला दाखवायची होती. आठ पायांपैकी तो चालतो सहांवर. दुसरी जोडी सगळ्यात लांब, ती पुढे हवेत फिरवत, चाचपत जातो, आंधळा माणूस काठी फिरवतो तशी. डोळ्यांनी त्याला उजेड-अंधारापलीकडे फार दिसत नाही, जग कळतं ते या दोन पायांनी. बाकीचे पाय गेले तरी चालतं, ही जोडी गेली की तो अडतो. आणि पायाचं टोक इतक्या बारीक सांध्यांचं असतं की काडीभोवती वेलीच्या तणाव्यासारखं गुंडाळतं. हे अल्कोहोलमधल्या प्राण्यात दाखवता येत नाही.

तीन तास बघितलं. सागाच्या बुंध्याच्या सालीखाली, पायऱ्यांच्या सांदीत, तलावाच्या कडेच्या ओल्या दगडांखाली. प्रत्येक दगड उचलून झाला की होता तसा परत ठेवायचा, हे भाच्याला पहिल्याच दगडाला सांगितलं. खालच्यांचं ते छप्पर असतं. वाणी किडे निघाले, गोगलगायी निघाल्या, एक गोम निघाली. आणि गवताच्या कडेला लाल मखमलीचे चार मृगाचे किडे. मृग संपला तरी रेंगाळलेले. भाच्याने तळहातावर एक घेतला. त्याने पाय आत ओढले आणि मखमलीची गोळी होऊन पडून राहिला. पाय मोजले, आठ. "हा पण कुळातला!" होय, हा माइट. याचीही कंबर दिसत नाही, शरीर सलग, हार्वेस्टमनसारखं. एवढ्या एका खुणेवरून नातं जोडायचं का, असं मी त्याला विचारलं. त्याने विचार करून सांगितलं, "नाही. पायांनी आधी फसलो होतो ना."

हे वाक्य ऐकायला मी सावंतवाडीहून आले होते असं मला त्या क्षणी वाटलं.

हार्वेस्टमन मिळाला नाही. त्याला सतत ओल लागते. कोकणात दगड, झाड, भिंत, कुठेही महिनोन्‌महिने पाणी झिरपत असतं. इथे आठ दिवसांपूर्वीपर्यंत जमीन भाजत होती.

बुधवार

वहिनींचं माहेर काटोलच्या अलीकडे. संत्र्याची बाग, आता मृग बहाराची वेळ, झाडं फुलावर होती. जाताना जुनापाणीला थांबलो. महापाषाण काळातली दगडांची वर्तुळं इथे माळभर पसरली आहेत. इथले दगड आम्ही उचलले नाहीत, नुसते भोवती फिरलो.

वहिनींचे बाबा ऐंशीच्या घरातले. रात्री जेवण झाल्यावर मी पिशवीतून अतिनील विजेरी काढली तेव्हा ते काठी घेऊन उठले. "पोरी, इच्चू पाहाले एवढी लांबून आली का तू? आमच्या धुऱ्यावर किती पाह्यजे तितके."

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अंधार मिट्ट. विजेरीचा जांभळा झोत दगडांवरून फिरवत गेलो. गवत काळं, माती काळी, आणि एकदम एका दगडाच्या कडेला हिरवट-निळा उजेड पेटला. काजव्यासारखा उघडमीट करणारा नव्हे, स्थिर. विंचू. त्याच्या कवचातच अशी द्रव्यं असतात की अतिनील प्रकाशात तो उजळतो. साधी विजेरी लावली की तांबूस, लहान, दिसेनासाच. लाल विंचू. आम्ही चार पावलं लांब थांबलो. बाबांनी हळूच सांगितलं की त्यांच्या लहानपणी या धुऱ्यावर एक पोरगा गेला. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरायला सुरुवात केली, त्यानंतर या विंचवाच्या दंशाने मरणारे कितीतरी कमी झाले. तोपर्यंत लोकांकडे मंत्रापलीकडे फार काही नव्हतं. बाबा म्हणाले, "आता गोळी भेटते. तवा नाई भेटली."

थोडा वेळ कुणी बोललं नाही.

परत येताना त्यांनीच आणखी एकाची आठवण काढली. "उन्हाळ्यात एक येते दिव्यापाशी. इच्चूवानी, पण शेपटी नाई. अन् पयते असं का पाय दिसत नाई. तोंडाले दोन मोठे अडकित्ते." तो सॉलिफ्यूज. बिनविषाचा, पण जबडे शरीराच्या मानाने अवाढव्य. बाबांच्या "अडकित्ते" या शब्दाइतकं नेमकं वर्णन मला वर्गात कधी जमलं नाही.

अंगणात खाटेवर भाच्याने वही उघडली. आता त्याच्याकडे कोळी, पुस्तकविंचू, मृगाचा किडा, विंचू, आणि ऐकीव सॉलिफ्यूज. कुपी मध्ये ठेवली. "यातला याचा सख्खा भाऊ कोणता?"

मी त्याला जसं आहे तसं सांगितलं. १९९० साली शुल्ट्झ या अमेरिकन अभ्यासकाने शरीराच्या बारीक रचनेवरून हार्वेस्टमनला विंचू, पुस्तकविंचू आणि सॉलिफ्यूज यांच्या पंगतीत बसवलं. २००७ मध्ये त्यानेच विंचू आणि हार्वेस्टमन हे जवळचे भाऊ ठरवले. कारण तोंड. पुढच्या पायांच्या मुळांना आतल्या बाजूला फुगवटे येतात आणि त्यांची मिळून तोंडापुढे एक छोटी खोली तयार होते, दोघांतही सारखी. वहीत मी ती खोली काढून दाखवली, चार पाकळ्या एकत्र येऊन केलेली वाटी. पटण्यासारखं होतं.

मग जनुकं वाचता यायला लागली आणि पंगत मोडली. २०१४ पासून एकेक अभ्यास विंचवाला कोळ्याच्या शेजारी नेऊन बसवू लागला. २०१७ मध्ये कळलं की कोळी आणि विंचू यांच्या एका सामाईक पूर्वजात सगळीच्या सगळी जनुकं दुप्पट झाली होती, आणि त्या दुपटीच्या खुणा दोघांत आजही आहेत. दोघं श्वासही घेतात पानांच्या थप्पीसारख्या पुस्तक-फुप्फुसांनी. हार्वेस्टमनचा जनुकसंच २०२१ मध्ये वाचला गेला. त्यात ती दुप्पट नाही. फुप्फुसं नाहीत, नुसत्या नळ्या. म्हणजे विंचू आणि कोळी एका चुलीवरचे, आणि हा त्या घराबाहेरचा. त्याच वर्षी पुस्तकविंचूही विंचवाच्या शेजारी गेला. त्याआधी २०१९ च्या एका अभ्यासाने तर ओडिशाच्या किनाऱ्यावर येणारा समुद्रातला नालखेकडाही या कुळाच्या आत आणून बसवला, त्यावर अजून भांडण चालू आहे. हार्वेस्टमनचा सख्खा भाऊ कोण, याचा निकाल लागलेला नाही.

"पण मग तोंडाची खोली?" भाच्याने विचारलं. "ती दोघांत सारखी कशी?"

मला फार बरं वाटलं. एवढी सगळी जनुकं ऐकूनही तो ती वाटी विसरला नव्हता. एक तर ती दोघांत वेगवेगळी घडली, किंवा फार जुन्या पूर्वजाकडे होती आणि इतरांनी गमावली. दोन्ही शक्यता लिहून ठेव म्हटलं. त्याच २०२१ च्या कामात आणखी एक प्रयोग होता. गर्भात पाय घडवणारी दोन जनुकं मंद केली, तर लांब पायांच्या जागी तोंडाजवळचे आखूड पाय उगवले. लांब पाय, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी मी फसले, ते दोन-तीन जनुकांच्या हुकमावर उभे आहेत.

बाबा इतका वेळ गप्प ऐकत होते. कुपी हातात घेऊन कंदिलासमोर धरली. "आमच्या इकडे नाई हे," ते म्हणाले. "असतं तं मी पाह्यलं असतं." ऐंशी वर्षं एकाच धुऱ्यावर काढलेल्या माणसाचं हे वाक्य मी माझ्या वहीत तारखेसकट लिहून घेतलं.

गुरुवार

संध्याकाळची गाडी. वहिनींनी सांबारवड्या बांधून दिल्या, दादाने संत्रा बर्फी. दुपारी भाच्याने विचारलं, कुपी परत नेणार का. मी ती त्याला दिली. अल्कोहोल उडत जातं, सहा महिन्यांनी भरावं लागतं, बूच घट्ट हवं, उन्हात ठेवायची नाही, हे सगळं सांगितलं. आणि चिठ्ठी. चिठ्ठीशिवाय नमुन्याला किंमत नाही. कुठे सापडला, कधी, कुणाला. ती कुपीच्या आत घालायची, पेन्सिलने लिहून, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

त्याने जाड कागदाची बोटाएवढी पट्टी कापली. जीभ बाहेर काढून, अक्षर जमेल तितकं बारीक करत लिहिलं. जागा, महिना, वर्ष, खाली "आत्या". नावाच्या जागी थांबला. मी ऑपिलिओनीजचं अक्षरलेखन सांगितलं, ते त्याने लिहिलं. मग पट्टी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, मला न विचारता, आणखी दोन शब्द लिहून ती कुपीत सोडली. बुडबुडे निघाले, पट्टी फिरत फिरत तळाशी सुट्या पायाशेजारी जाऊन बसली. काचेतून स्पष्ट वाचता येत होतं : कोळी नव्हे.